सी भाषेतील वर्णशः फाइलवाचन : दोषशोधन

फाइलीतील मजकूर एकेक वर्ण घेऊन वाचताना होणाऱ्या चुका शोधून त्या दूर करण्याची क्रिया. डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास विकसित केलेल्या सी भाषेत असे वाचन मुख्यतः ‘एफगेटसी’ या फलनाने होते. नाव वर्णाचे असले, तरी हे फलन वाचते तो एक बाइट. त्याचे ० ते २५५ यांमधील मूल्य ते पूर्णांकरूपाने देते. फाइल संपल्यास वा वाचनात त्रुटी आल्यास ‘ईओएफ’ हे ऋण मूल्य (बहुधा −१) देते.

हे मूल्य ‘कॅर’ प्रकारच्या चलात ठेवणे, हे अनेक दोषांचे मूळ आहे. त्या चलात ऋण संख्या मावत असल्यास २५५ मूल्याचा बाइट सामान्यतः −१ ठरून वाचन मध्येच थांबते. मावत नसल्यास फाइलीचा शेवट ओळखलाच जात नाही व आवर्तन अखंड चालते. यांपैकी काय घडेल, हे यंत्र व संकलक यांवर अवलंबून असते. चल ‘इंट’ प्रकारचा घेणे हाच उपाय होय.

मराठी मजकुरात हा दोष लपून राहतो, कारण यूटीएफ-८ संकेतनात २५५ हा बाइट येतच नाही. तेथे अडचण निराळी असते. ‘हिंगोली’ हा शब्द उच्चारात तीन अक्षरांचा, संकेतनात सात चिन्हांचा आणि फाइलीत २१ बाइटांचा आहे. त्यातील ‘ह’ चे बाइट २२४, १६४ व १८५ होत. ऋण मूल्ये घेणाऱ्या ‘कॅर’ चलात २२४ चे −३२ होतात. ही संख्या सारणीचा निर्देशांक म्हणून वापरल्यास स्मृतीतील भलतीच जागा गाठली जाते. हिंगोली जिल्ह्यातील (स्थापना १९९९) तालुक्यांच्या यादीस २० बाइटांचा रकाना ठेवला, तर ‘वसमत’ व ‘सेनगाव’ बसतात; ‘हिंगोली’ व ‘कळमनुरी’ यांची शेवटची वेलांटी एका बाइटासाठी तुटते आणि ३१ बाइटांचे ‘औंढा नागनाथ’ अर्धवट राहते.

‘एफईओएफ’ हे फलन शेवट जवळ आल्याचे सांगत नाही, तर वाचनाचा प्रयत्न फसल्यानंतरच होकार देते. आवर्तनाची अट म्हणून ते वापरल्यास अखेरीस एक खोटा वर्ण हाताळला जातो. मूल्य चलात भरणे व ते ईओएफशी ताडून पाहणे या क्रिया एकाच अटीत लिहिताना पहिलीभोवतीचा कंस राहिल्यास तुलना आधी होते आणि चलात दर वेळी १ भरला जातो.

दोष शोधताना वाचलेले मूल्य अक्षररूपाने न छापता अंकरूपाने छापावे. रिकामी फाइल, २५५ हा एकच बाइट असलेली फाइल आणि शेवटी नवओळ नसलेली फाइल यांवर आज्ञावली चालवून पाहिल्यास वरील बहुतेक चुका उघड होतात. वाचन थांबल्यावर फाइल संपली की त्रुटी आली, हे ‘एफएरर’ या फलनाने समजते.