वास उडून जातो, पण डब्यात पकडता येतो!

रासायनिक एमआयडीसीच्या आजूबाजूच्या गावांत ही नेहमीचीच रड. रात्री पिकाला पाणी द्यायला गेलं की उग्र वास येतो, डोळे चुरचुरतात, घसा धरतो. सकाळी तक्रार केली तर साहेब येईपर्यंत वारा फिरलेला असतो. मग पंचनाम्यात लिहायचं काय?

यावर एक उपाय म्हणजे वास असतानाच हवेचा नमुना बंद करून ठेवणे. त्यासाठी कॅनिस्टर वापरतात. हा स्टीलचा घट्ट डबा, बहुधा ६ लिटरचा. प्रयोगशाळेत त्यातली हवा आधीच काढून घेतलेली असते. जागेवर झडप उघडली की बाहेरची हवा आपोआप आत ओढली जाते. पंप नको, वीज नको. वास सुटताच झडप उघडून लगेच भरता येतो, किंवा हवेचा वेग कमी करणारा भाग बसवून २४ तासांत हळूहळू भरता येतो.

पुढे प्रयोगशाळेतलं यंत्र बेंझीन, टोल्युइनसारखी रसायनं वेगळी करून मोजतं. देशात २००९ च्या मानकानुसार बेंझीनची वार्षिक सरासरी मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. मात्र एका रात्रीचा आकडा या वर्षाच्या मर्यादेशी थेट ताडता येत नाही. म्हणून नमुने पुन्हा पुन्हा घ्यावे लागतात. शिवाय धूळ, राख यात मोजत नाहीत. त्यासाठी फिल्टरचं वेगळं यंत्र लागतं.

तमिळनाडूत कडलूरच्या सिपकॉट औद्योगिक वसाहतीशेजारच्या गावकऱ्यांनी २००४ मध्ये यापेक्षा स्वस्त मार्ग धरला. झाकणबंद प्लास्टिकच्या बादलीत खास पिशवी. बादलीतली हवा पंपाने काढली की बाहेरची हवा पिशवीत भरते. ती प्रयोगशाळेत तपासून घेतली आणि हवेत घातक रसायनं असल्याचं कागदावर आलं. नुसतं ‘वास येतो’ म्हणण्यापेक्षा त्या कागदाला वजन आलं.

डबा असो वा बादली, नोंद नसेल तर नमुना लंगडा पडतो. तारीख, वेळ, ठिकाण, वाऱ्याची दिशा, वास कसला, कुणाला काय त्रास झाला, हे त्याच वेळी वहीत लिहावं. या वहीला मात्र एक पैसाही लागत नाही, आजपासून सुरू करता येते.

आणि वास सहन होत नसेल, श्वास कोंडत असेल, तर नमुन्याच्या नादी न लागता आधी तिथून बाजूला व्हावं. जीव राहिला तर पुरावा.