दोन भाषांची पीएच.डी.

'तौलनिक साहित्यात पीएच.डी. करणार,' असं घरी एकदा सांगून बघा. पहिला प्रश्न येतो, 'म्हणजे काय?' आणि लगेच दुसरा, 'त्याला स्कोप काय?' दुसऱ्याकडे येऊच, पण पहिल्यातच आपल्यापैकी बरेच जण अडकतात. दोन कादंबऱ्या घ्यायच्या, साम्यं एकीकडे, फरक दुसरीकडे, झाला प्रबंध! तसं नसतं ते. इथे आधी प्रश्न लागतो, आणि तोही एका भाषेत बसून न सुटणारा.

घरचंच उदाहरण घ्या. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव आलं अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. पण नुसतं नाव नाही, पुस्तकंही येत होती. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाचे म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आलेले. जनार्दन वाघमारे यांनी तिथल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्यावर मराठीत लिहिलं. मग मराठवाड्यातल्या वाचकाने त्यातलं काय घेतलं, काय सोडलं? वर्ण आणि जात एक नव्हेत, तर मराठीत येताना काय निसटलं? हे शोधायला 'अस्मितादर्श'चे जुने अंक चाळावे लागतील आणि मूळ इंग्रजी लेखनही वाचावं लागेल. हा झाला विषय!

आता दया पवारांच्या 'बलुतं'शेजारी (१९७८) बामा यांचं तमिळ 'करुक्कु' (१९९२) ठेवायचंय? इंग्रजी अनुवादावर भागेल असं वाटतं. पण 'करुक्कु' बोलीतल्या तमिळमध्ये आहे, आणि नेमकी ती बोलीच अनुवादात हातून जाते. म्हणून तिसरी भाषा टीवायलाच सुरू करा, एम.ए. होईपर्यंत थांबू नका. आणि मराठी मीडियमवाल्यांनो, लाजू नका. इथे तुमची मराठी हेच भांडवल आहे.

शिकायचं कुठे? कोलकात्यात जाधवपूर विद्यापीठाचा विभाग १९५६ पासूनचा, कवी बुद्धदेव बसू यांनी सुरू केलेला. हैदराबाद विद्यापीठात स्वतंत्र केंद्र आहे. आपल्या मुंबई विद्यापीठातल्या गुरुदेव टागोर अध्यासनावर वसंत बापट आणि भालचंद्र नेमाडे होते.

आता स्कोप, म्हणजे खरं तर पैसा. यूजीसीच्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान ३ आणि साधारण कमाल ६ वर्षं. नेटमध्ये तौलनिक साहित्य हा वेगळा विषय आहे. जेआरएफ मिळाली तर पहिली २ वर्षं महिना ३७ हजार, नंतर ४२ हजार. नाही मिळाली तर केंद्रीय विद्यापीठात महिना ८ हजार. त्यात परक्या शहरात खोली, मेस आणि झेरॉक्स! बार्टी, सारथी, महाज्योतीच्या जाहिरातींवर डोळा ठेवा, आणि घरून किती वर्षं मदत होईल हे आईबाबांना आधीच स्पष्ट विचारा. अवघड वाटतं, पण विचारा.

आणखी एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. बहुतेक कॉलेजांत तौलनिक साहित्याचा विभागच नसतो. प्राध्यापकाची जागा निघते ती मराठीची, इंग्रजीची नाहीतर हिंदीची. त्यामुळे एम.ए. कशात करताय याला फार महत्त्व आहे. पुढे जाहिरातीत 'संबंधित विषय' असं लिहिलेलं असतं, आणि अर्ज तिथेच अडतो.

एवढं सगळं वाचूनही जायचंच असेल, तर गाइडला मेल टाकण्याआधी एका पानावर तुमचा प्रश्न लिहा. खाली त्यासाठी लागणाऱ्या भाषा, आणि त्यातल्या कोणत्या भाषेत तुम्ही आज अख्खी कादंबरी वाचू शकता, तेही.