सूचना पाठवली, पोहोचली का?

ग्रंथपालांची संघटना म्हटलं की लोकांना अधिवेशन, निवेदन आणि अनुदानवाढीची मागणी आठवते. त्याच संघटनेचा फोन, ईमेल, फेसबुक पान आणि सभासदांची यादी रोज कोण सांभाळतं, हे सहसा कुणी विचारत नाही. सांभाळणारे आम्हीच असतो. कुणी कॉलेज सुटल्यावर, कुणी वाचनालयाचं शटर ओढल्यावर. मानधन नाही, पदही बहुतेक वेळा कागदावर नाही. मी कोल्हापुरात एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते आणि काही वर्षं या गटात आहे. पुस्तकं दाखल करताना आपण जी शिस्त पाळतो, तीच संघटनेच्या निरोपांना लावली पाहिजे, एवढं मला ठामपणे सांगायचं आहे.

कोल्हापुरात तर हे हक्कानं सांगता येतं. इथलं करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं. कोल्हापूर संस्थानानं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला तो १९४५ साली. देशातला हा असा पहिला कायदा मानला जातो. मद्रासचा त्यानंतर, १९४८ चा, आणि महाराष्ट्राचा १९६७ चा. आज जिल्ह्याच्या बारा तालुक्यांत पसरलेले आमचे सभासद एका साच्यातले नाहीत. एका टोकाला शिवाजी विद्यापीठाचं बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकरांच्या नावाचं मोठं ग्रंथालय. दुसऱ्या टोकाला एखाद्या वाडीवरचं ‘ड’ वर्गाचं वाचनालय. तिथं ग्रंथपाल, लिपिक आणि शिपाई ही तिन्ही कामं एकच बाई करते आणि उरलेला दिवस शेतात असते.

या दोन्ही प्रकारच्या ग्रंथालयांना लागणाऱ्या सूचनाही वेगळ्या. महाविद्यालयाला इन्फ्लिबनेटच्या एन-लिस्टचं वार्षिक नूतनीकरण, प्रशिक्षण वर्ग, नॅकची कागदपत्रं. गावच्या वाचनालयाला वार्षिक अहवालाची मुदत, हिशेब तपासणी, अनुदानाचा हप्ता, कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजना. सगळं सगळ्यांना पाठवलं की कुणीच काही वाचत नाही. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी चौथं वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. आम्ही ते भिंतीवर लावतो, पण आमचाच सभासद हाही वाचक आहे हे विसरतो.

आता अक्षरांचं बघा. चंदगडकडून फोन येतो, “मॅडम, फाईल उघडली, पण काय वाचायचं? नुसती इंग्रजी चिन्हं दिसत्यात.” जुन्या मराठी फाँटमध्ये टंकलेल्या मजकुराची ही गत. त्या पद्धतीत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असत. तो फाँट फोनमध्ये नसला की मागचा गोंधळ उघडा पडतो. युनिकोडमध्ये ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून तो कुठल्याही फोनवर ‘क’च दिसतो. अजूनही कितीतरी पत्रं जुन्या फाँटमध्ये येतात आणि आमच्यातलं कुणीतरी रात्री बसून ती पुन्हा टंकतं. पत्राचा फोटो काढून पाठवणं सोपं, पण फोटोतला मजकूर नंतर शोधून सापडत नाही. दृष्टिहीन सहकाऱ्याच्या फोनला तो बहुतेक वेळा वाचूनही दाखवता येत नाही. म्हणून आमच्याकडं नियम आहे : आधी चार ओळी टंकायच्या. काय आहे, कुणासाठी आहे, शेवटची तारीख कोणती, विचारायचं कुणाला. मूळ पत्र त्याच्याखाली.

दुसरा नियम याहून लहान, पण मला फार मोलाचा वाटतो. ‘उद्या शेवटचा दिवस’ असं कधीही लिहायचं नाही. निरोप इकडून तिकडं फिरत राहतो आणि तीन महिन्यांनी कुणीतरी ‘उद्या’ म्हणून धावत सुटतं. तारीख, महिना, वर्ष, आणि पत्र मूळ कुठून आलं ते. एवढं नसेल तर निरोप पुढं जात नाही, मग तो अध्यक्षांनी पाठवलेला का असेना. गेलेल्या प्रत्येक सूचनेला क्रमांक मिळतो आणि ती एका यादीत चढते. फाईलचं नाव ‘नवीन फायनल’ असं चालत नाही. वर्ष, महिना, विषय या क्रमानं लिहायचं. पुस्तक रद्द झालं तरी दाखल नोंदवहीतली ओळ राहते, तशी जुनी सूचनाही यादीत राहते. दहा वर्षांनी कुणी या संघटनेचा इतिहास लिहायला बसलं तर त्याला तीच लागणार आहे.

व्हॉट्सअ‍ॅपनं काम सोपं केलं, यात शंका नाही. पण २०१६ पासून २०२२ पर्यंत एका ग्रुपमध्ये २५६ माणसं बसत. त्यामुळं मोठ्या संघटनांचे ‘ग्रुप एक’, ‘ग्रुप दोन’ झाले आणि एकीकडं गेलेलं दुसरीकडं पोहोचेना. पुढं मर्यादा १,०२४ वर गेली आणि ‘कम्युनिटी’ची सोयही आली. तिच्या सूचना-ग्रुपमध्ये सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. आमच्या व्यवसायात बायका पुष्कळ आहेत, आणि ग्रुपातून नंबर उचलून नको त्या वेळी फोन करणारी माणसं सगळीकडं असतात. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशात २०२३ साली झाला. सभासदांची यादी विश्वासानं दिलेली ठेव आहे, हे कायद्यानं सांगायची गरज पडू नये.

मग प्रश्न मालकीचा. खातं एकाच्या खासगी नंबरवर उघडलेलं असतं. तो माणूस निवृत्त होतो, बदलून जातो, कधी रुसतो, आणि संघटनेची इतकी वर्षं त्याच्या फोनमध्ये अडकतात. संकेतस्थळाच्या नावाचं दरवर्षीचं भाडं कुणीतरी स्वतःच्या कार्डावरून भरत असतं. एका वर्षी ते राहतं आणि नाव जातं. म्हणून सिमकार्ड संघटनेच्या नावावर, पैसे खजिनदाराकडून, आणि प्रत्येक खात्याला दोन माणसं असलीच पाहिजेत. पासवर्ड बंद लिफाफ्यात सचिवांकडं. ग्रंथालय संघटनांचा जागतिक महासंघ, इफ्ला, १९२७ साली एडिनबरोत स्थापन झाला. त्याच्या विभागांत माहिती समन्वयक हे वेगळं पद असतं. काम स्वयंसेवी, पण मुदत ठरलेली. आमच्याकडं मात्र हे काम एकदा गळ्यात पडलं की सुटत नाही आणि चांगली माणसं थकून जातात.

या सगळ्याची खरी परीक्षा पावसाळ्यात होते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये नदीनं दोन्ही मागं टाकल्या. २०१९ च्या पुरात शेजारच्या सांगली नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं भिजली. ते फोटो पाहताना आमच्यातल्या कितीतरी जणांना रडू आवरलं नाही. अशा वेळी सल्ल्यांचा पाऊस पडतो आणि त्यातले काही पुस्तकांचा जीव घेणारे असतात. भिजलेलं पुस्तक जबरदस्तीनं उघडायचं नाही, कडक उन्हात टाकायचं नाही. पानांत टिपकागद किंवा कोरा कागद घालायचा आणि पंख्याच्या वाऱ्यावर उभं ठेवायचं. गुळगुळीत कागदाची पानं सुकताना एकमेकांना चिकटतात, म्हणून ती आधी हाताळायची. दोन दिवसांत बुरशी धरू लागते, तेव्हा दाखल नोंदवही आणि दुर्मीळ ग्रंथ यांना पहिला हात लावायचा. हा निरोप आता तयार असतो आणि जूनच्या सुरुवातीलाच जातो. सोबत दोनच सूचना : खालच्या फळ्यांवरची पुस्तकं आजच वर चढवा, आणि नोंदवहीचे फोटो काढून गावाबाहेरच्या कुणाला तरी पाठवून ठेवा. शिरोळ तालुक्यात हा निरोप लिहून भागत नाही, फोनच करावा लागतो. वीज गेली की सगळे ग्रुप मुके होतात, त्याआधी माणसाचा आवाज पोहोचलेला असावा.

१२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनाच्या आसपास, आमच्या गटातल्या कामांचा हातबदल होतो. खाती, याद्या, लिफाफे मोजून द्यायचे आणि नव्या माणसाबरोबर महिनाभर बसायचं. यंदा शाहूवाडी किंवा गगनबावड्याकडचं कुणीतरी हवं आहे. तिकडं रेंज कुठल्या वळणावर लागते आणि कुणाचा निरोप कुणाच्या दुकानात ठेवला की पोहोचतो, हे तिथल्याच माणसाला ठाऊक असतं. टंकलेखन आम्ही शिकवू.