पाळीव कुत्र्याचे मूलभूत प्रशिक्षण

पाळीव कुत्र्याचे मूलभूत प्रशिक्षण म्हणजे घरात, वाड्यात किंवा शेतावर राहणाऱ्या कुत्र्याला माणसांच्या सहवासात सुरक्षितपणे वावरण्यास शिकवण्याची पद्धतशीर प्रक्रिया होय. हाकेला येणे, बसणे, थांबणे, तोंडातील वस्तू सोडणे, पट्ट्यासह शांतपणे चालणे आणि ठरावीक जागीच शौच करणे या सवयींचा तीत समावेश होतो. पोलीस, लष्कर व बचावकार्यासाठी दिले जाणारे विशेष प्रशिक्षणही याच सवयींच्या पायावर उभे असते. पाळीव कुत्र्याच्या बाबतीत प्रशिक्षणाचा मुख्य हेतू करमणूक किंवा करामती हा नसून चावे, अपघात आणि कुत्र्याला घराबाहेर सोडून देण्याची वेळ टाळणे हा असतो.

शास्त्रीय पार्श्वभूमी

कुत्रा कसा शिकतो, याचे आधुनिक आकलन प्रामुख्याने दोन सिद्धांतांवर आधारलेले आहे. रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ इव्हान पावलॉव्ह (१८४९–१९३६) हे कुत्र्यांच्या पचनक्रियेचा अभ्यास करीत होते व त्या कार्यासाठी त्यांना १९०४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. अन्न प्रत्यक्ष समोर येण्याआधीच, केवळ अन्नाची चाहूल लागताच कुत्र्यांच्या तोंडाला लाळ सुटते, असे त्यांना दिसून आले. एका गोष्टीची सांगड दुसरीशी घालून होणाऱ्या अशा शिक्षणाला अभिजात अभिसंधान म्हणतात. साखळी हातात घेताच कुत्रा फिरायला जाण्यासाठी उड्या मारू लागतो, हे त्याचे घरगुती उदाहरण होय.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये मांजरांवरील प्रयोगांतून, ज्या कृतीचा परिणाम समाधानकारक असतो ती कृती पुन्हा होण्याची शक्यता वाढते, असे दाखवले. पुढे बी. एफ. स्किनर यांनी या विचाराचा विस्तार करून साधक अभिसंधानाची संकल्पना मांडली. आज प्रचलित असलेली बक्षिसावर आधारित पद्धत याच संकल्पनेतून आली आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी मात्र श्वान प्रशिक्षणावर लष्करी शिस्तीचा प्रभाव होता. जर्मन प्रशिक्षक कॉनराड मोस्ट यांच्या १९१० मधील ग्रंथात सक्ती व शिक्षा यांना मोठे स्थान होते. शतकाच्या उत्तरार्धात ही भूमिका बदलत गेली. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन पशुवैद्यक संघटनेने २०२१ मध्ये सर्व कुत्र्यांसाठी बक्षिसावर आधारित पद्धतीच वापराव्यात, अशी शिफारस केली.

प्रशिक्षणाचा योग्य काळ

जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दीर्घ संशोधनानुसार पिल्लाच्या आयुष्यातील साधारण तिसरा ते बारावा आठवडा हा सामाजिकीकरणाचा संवेदनशील काळ असतो. या काळात पिल्लाला ज्या माणसांचा, प्राण्यांचा, आवाजांचा आणि जागांचा सुखद अनुभव मिळतो, त्यांची भीती पुढे कमी राहते. लहान मुले, काठी घेऊन चालणारे वृद्ध, डोक्यावर भारा घेतलेली व्यक्ती, दुचाकी, ट्रॅक्टर, लग्नाचा बँड, फटाके आणि गुरे यांची ओळख या वयात सावकाश व सुरक्षित अंतरावरून करून देणे उपयुक्त ठरते. पिल्लू घाबरल्यास त्याला ओढून पुढे न नेता अंतर वाढवावे.

पिल्लाला आईपासून फार लवकर तोडणे हानिकारक असते. भावंडांबरोबर खेळतानाच पिल्लू आपल्या चाव्याचा जोर आवरण्यास शिकते. भारतात श्वान प्रजनन व विक्रीविषयक २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लांची विक्री करण्यास मनाई आहे. पिल्लू घरी आल्यापासून सोप्या सवयी शिकवता येतात. प्रौढ किंवा रस्त्यावरून दत्तक घेतलेला कुत्राही शिकू शकतो; त्याला कदाचित अधिक वेळ लागतो, इतकेच.

सर्वसाधारण तत्त्वे

तत्काळ बक्षीस : अपेक्षित कृती होताच एक-दोन सेकंदांत बक्षीस द्यावे. उशीर झाल्यास कुत्रा त्या बक्षिसाची सांगड मधल्या वेळेत केलेल्या दुसऱ्याच कृतीशी घालतो. बक्षीस म्हणून उकडलेल्या मांसाचा, अंड्याचा किंवा पनीरचा बोटाच्या पेराएवढा तुकडा पुरतो. शाबासकी, पाठीवरून हात फिरवणे किंवा आवडता खेळ हेही बक्षीसच होय. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट कुत्र्यांना विषारी असल्याने ते देऊ नयेत. कांदा-लसणाचा रस्सा लावलेली भाकरीही याच कारणासाठी टाळावी.

एक कृती, एक शब्द : घरातील एकाने ‘बस’, दुसऱ्याने ‘खाली बस’ आणि तिसऱ्याने ‘सिट’ म्हटल्यास कुत्रा गोंधळतो. शब्द मराठी असावा की इंग्रजी, याला महत्त्व नाही. तो सर्वांचा एकच असावा. आज्ञा एकदाच व शांत स्वरात द्यावी. वारंवार उच्चारल्यास पहिल्या हाकेकडे दुर्लक्ष करण्याची सवय लागते.

लहान सत्रे : पिल्लांसाठी पाच ते दहा मिनिटांची दोन-तीन सत्रे एका लांब सत्रापेक्षा अधिक परिणामकारक ठरतात. विदर्भ व मराठवाड्यातील उन्हाळ्यात सराव सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर करावा. हाताची मागची बाजू काही सेकंदही टेकवता येणार नाही इतकी जमीन तापलेली असल्यास कुत्र्याचे पंजे भाजू शकतात.

टप्प्याटप्प्याने अवघडपणा : नवी सवय आधी घरातील शांत खोलीत, मग अंगणात आणि शेवटी रस्त्यावर पक्की करावी. घरात आज्ञा पाळणारा कुत्रा बाजारात ती पाळत नसेल, तर तो हट्टी असतोच असे नाही. त्या परिस्थितीतील सराव त्याला झालेला नसतो.

दुर्लक्षाचा उपयोग : जेवताना भुंकून मागणाऱ्या कुत्र्याला एकदाही घास न मिळाल्यास ती सवय हळूहळू लोप पावते. प्रारंभी भुंकणे वाढते. नेमका तेव्हाच घास टाकला तर अधिक भुंकल्यावरच खायला मिळते, असा धडा कुत्रा घेतो.

मूलभूत आज्ञा

बस : खाऊचा तुकडा कुत्र्याच्या नाकाजवळ धरून हळूहळू डोक्याच्या मागच्या बाजूस न्यावा. नाक वर जाताच मागचा भाग आपोआप खाली टेकतो. टेकताक्षणी बक्षीस द्यावे. कृती सहज होऊ लागल्यावर तिच्या किंचित आधी ‘बस’ हा शब्द जोडावा. पाठीवर दाब देऊन बसवण्याची आवश्यकता नसते.

थांब : बसलेल्या कुत्र्यासमोर तळहात दाखवून एक पाऊल मागे जावे व लगेच परत येऊन बक्षीस द्यावे. प्रथम वेळ वाढवावा, नंतर अंतर; दोन्ही एकाच वेळी वाढवू नयेत. दार उघडताना किंवा रस्ता ओलांडताना ही सवय जीव वाचवू शकते.

ये : ही सर्वांत महत्त्वाची आज्ञा मानली जाते. महाराष्ट्रात कुत्र्याला बोलावण्यासाठी ‘यू यू’, हाकलण्यासाठी ‘हाड’ आणि अंगावर सोडण्यासाठी ‘छू’ असे उच्चार पूर्वापार रूढ आहेत. बोलावण्याचा उच्चार कोणताही असो, त्याचा शेवट नेहमी सुखद असावा. बोलावून मारणे, रागावणे किंवा लगेच बांधून टाकणे यामुळे कुत्रा हाकेला येणे टाळू लागतो. पळून गेलेला कुत्रा उशिरा परतला तरी त्याला शिक्षा करू नये, कारण त्याच्या दृष्टीने ती शिक्षा परत येण्याबद्दल असते.

सोड : तोंडातील वस्तूच्या बदल्यात अधिक आवडीची वस्तू देऊन ही आज्ञा शिकवतात. वस्तू हिसकावून घेतल्यास कुत्रा तिच्यावर पहारा करू लागतो व जवळ येणाऱ्यावर गुरगुरतो.

पट्ट्यासह चालणे : कुत्र्याने ओढ घेताच धन्याने जागीच थांबावे आणि दोरी सैल होताच पुढे चालावे. ओढून पुढे जाता येत नाही, हे काही दिवसांत कुत्र्याच्या लक्षात येते.

शौचाची सवय

पिल्लाला झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यानंतर आणि खेळून झाल्यावर लगेच बाहेर ठरावीक जागी न्यावे व तेथे शौच झाल्यावर बक्षीस द्यावे. घरात घाण झाल्यास त्यात नाक घासण्याची पद्धत निरुपयोगी आहे. त्यामुळे पिल्लू केवळ माणसासमोर शौच करण्यास घाबरते व लपून करू लागते. डाग वासासकट स्वच्छ धुणे अधिक महत्त्वाचे असते, कारण वास राहिल्यास कुत्रा पुन्हा तीच जागा निवडतो.

ग्रामीण भागातील कुत्री

बुलढाणा तालुक्यातील देऊळघाटसारख्या शेतीशी जोडलेल्या गावांत कुत्रा हा मुख्यतः राखणदार असतो. गोठा, खळे, शेतातील पीक व घराची राखण ही त्याची कामे असून तो बहुधा स्थानिक गावठी जातीचा असतो. वरील सर्व तत्त्वे गावठी कुत्र्यांनाही तितकीच लागू पडतात. ही कुत्री स्थानिक हवामानाला सरावलेली असतात. प्रशिक्षण केवळ विदेशी जातींनाच देता येते, ही समजूत निराधार आहे. मुधोळ किंवा कारवान ही दख्खनमधील शिकारी जात तर भारतीय लष्करानेही प्रशिक्षणासाठी स्वीकारली आहे.

राखणीच्या कुत्र्याबाबत दोन चुकीच्या प्रथा आढळतात. पहिली, त्याला ‘कडक’ करण्यासाठी दिवसभर बांधून ठेवणे व चिडवणे. अशा कुत्र्याला पाहुणा आणि चोर यांत भेद करता येत नाही. अमेरिकेतील डेन्व्हर येथे झालेल्या व १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, न चावणाऱ्या कुत्र्यांच्या तुलनेत चावणाऱ्या कुत्र्यांमध्ये अंगणात साखळीने बांधली जाणारी कुत्री अधिक आढळली. अनोळखी माणूस आल्यावर भुंकून सूचना देणे आणि धन्याने सांगताच शांत होणे, एवढे शिकलेला कुत्रा चांगला राखणदार ठरतो.

दुसरी प्रथा रात्री कुत्र्याला घराबाहेर उघड्यावर साखळीने बांधण्याची आहे. बुलढाणा जिल्ह्यात ज्ञानगंगा अभयारण्य असून तेथे बिबट्या व अस्वलांचा वावर आहे. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास झाला, तेव्हा भक्ष्याच्या वजनात पाळीव व भटक्या कुत्र्यांचा वाटा सुमारे ३९ टक्के आढळला. बांधलेला कुत्रा पळू शकत नाही आणि त्याच्यामागे बिबट्या घराच्या दारापर्यंत येतो. म्हणून बिबट्याच्या क्षेत्रात रात्री कुत्र्याला बंदिस्त गोठ्यात किंवा घरात घेणे माणसांच्याही हिताचे असते. त्यासाठी संध्याकाळी हाकेसरशी घरी येण्याची सवय लहानपणीच लावावी.

चावा व रेबीज

बहुतेक कुत्री चावण्यापूर्वी इशारा देतात. अंग ताठ होणे, नजर चुकवणे, डोळ्यांतील पांढरा भाग दिसणे, ओठ चाटणे, गुरगुरणे अशी त्याची लक्षणे आहेत. गुरगुरल्याबद्दल शिक्षा केल्यास भीती जात नाही, केवळ इशारा नाहीसा होतो व कुत्रा पुढे इशाऱ्याविना चावतो. जेवणाऱ्या, झोपलेल्या आणि पिल्ले असलेल्या कुत्र्याजवळ जाऊ नये, हे मुलांना शिकवणे हा प्रशिक्षणाचाच भाग मानला जातो. नेहमी शांत असणारा कुत्रा अचानक आक्रमक झाल्यास वेदना किंवा आजाराची शक्यता असते. अशा वेळी त्याची पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार माणसांना होणाऱ्या रेबीजच्या ९९ टक्क्यांपर्यंत प्रकरणांत संसर्ग कुत्र्यांकडून होतो. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. पिल्लाला साधारण तीन महिन्यांच्या वयात रेबीजची पहिली लस देतात आणि पुढील मात्रा पशुवैद्यकाच्या सल्ल्याने देतात. कुत्रा घरचा असला तरी चावल्यास किंवा त्याचा दात लागून ओरखडा उठल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्वरित रुग्णालयात जावे. जखमेवर हळद, चुना किंवा तिखट लावू नये.

महाराष्ट्रातील पोलीस श्वान

मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक व नाशक पथकातील झंजीर हा लॅब्रेडोर जातीचा कुत्रा प्रशिक्षित श्वानाचे राज्यातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आहे. त्याचे प्रशिक्षण पुण्यातील शिवाजीनगर येथील गुन्हे अन्वेषण विभागाच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात झाले व डिसेंबर १९९२ मध्ये तो पथकात दाखल झाला. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या काळात त्याच्या साहाय्याने ३,३२९ किलोग्रॅम आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ जिवंत काडतुसे शोधण्यात आली. नोव्हेंबर २००० मध्ये हाडांच्या कर्करोगाने त्याचा मृत्यू झाला आणि त्याच्यावर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार करण्यात आले. स्फोटकांचा वास ओळखून शांत बसणे ही बॉम्बशोधक कुत्र्यांची नेहमीची खूण असते; घरात शिकवल्या जाणाऱ्या ‘बस’ या सवयीचेच ते विशेष रूप होय.

कायदेशीर तरतुदी

प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार प्राण्याला मारहाण करणे, अवाजवी काळ आखूड किंवा जड साखळीने बांधून ठेवणे, त्याला पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे आणि त्याला सोडून देणे हे गुन्हे आहेत. प्रशिक्षणाच्या नावाखाली केलेली मारहाणही त्यातून सुटत नाही. दुसरीकडे, आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये यासाठी पुरेशी काळजी न घेणाऱ्या धन्याला भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम २९१ अन्वये सहा महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

गैरसमज

कुत्र्यावर ‘वर्चस्व’ गाजवल्याशिवाय तो ऐकत नाही, हा सर्वाधिक पसरलेला गैरसमज आहे. त्याचे मूळ रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये बंदिवासातील लांडग्यांवर केलेल्या निरीक्षणांत आहे. डेव्हिड मेक यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले की, निसर्गातील लांडग्यांचा कळप हा बहुधा आईवडील आणि त्यांची पिल्ले यांचे कुटुंब असते. सत्तेसाठी सतत झगडणारी टोळी नसते. त्यामुळे कुत्र्याला उताणे पाडून दाबून धरण्यासारख्या उपायांना शास्त्रीय आधार उरलेला नाही. अशा उपायांनी कुत्रा घाबरतो आणि धन्यालाच चावा बसण्याचा धोका वाढतो.