खांदा पुन्हा पुन्हा निखळतो तेव्हा आत हाड झिजत असतं



मागच्या हंगामात आपल्या एका तरुण खलाशाचा खांदा जाळं ओढताना तिसऱ्यांदा निखळला. आधीच्या दोन्ही वेळा बोटीवरच दोघांनी हात ओढून बसवला होता. या वेळी सीटी स्कॅन केला तर खांद्याच्या वाटीची पुढची कड झिजलेली निघाली. घरच्यांनी आम्हाला विचारलं, "पोरगा रोज मासळी खातो, मग हाड कमी कसं झालं?"

हैदराबादला तारनाक्याजवळ राष्ट्रीय पोषण संस्था आहे. १९१८ साली कुन्नूरला सुरू झाली, १९५८ ला हैदराबादला आली. कशात किती कॅल्शियम, याचे देशातल्या अन्नाचे तक्ते तिने २०१७ मध्ये छापले. काट्यासकट खाल्लेली बारीक मासळी हाडाला चांगली, हे खरंच आहे. पण खांद्यातली ही झीज वेगळी. ती आपटून, घासून होते. मांदेली कितीही खाल्ली तरी गेलेली कड परत येत नाही.

खांद्याची वाटी उथळ असते, बशीवर मोठा गोळा ठेवावा तशी. हात वर आणि मागे असताना झटका बसला, म्हणजे पाग फेकताना किंवा लाटेत वरचा बार धरून उभं असताना, की गोळा पुढे निसटतो. बशीची कड तुटते, आणि कडेवर आदळून गोळ्याला मागून खाच पडते. या खाचेचं वर्णन हिल आणि सॅक्स या अमेरिकन डॉक्टरांनी १९४० मध्ये केलं. कड गेली आणि खाच मोठी झाली की पुढच्या वेळी झटकाही लागत नाही, काहींचा खांदा झोपेत कूस बदलतानासुद्धा निखळतो.

धोका सगळ्यात जास्त कोणाला? विशीच्या आत पहिल्यांदा निखळला त्याला. म्हणजे आपल्याकडे नवीन बोटीवर चढलेली पोरं. ज्याचे सांधे मुळात सैल आहेत, ज्याला फिट येते, त्यालाही. आणि प्रत्येक वेळी निखळला की हाड थोडं आणखी जातं, म्हणून "बसला ना, मग झालं" हे चालत नाही. चाळिशीनंतर पुन्हा निखळणं कमी, पण त्या वयात खांद्याचे स्नायू फाटतात. हात वर उचलेना झाला तर तेही दाखवा.

साधारण पाचवा हिस्सा कड गेली की नुसतं आतून शिवून भागत नाही. मग शेजारच्या हाडाचा तुकडा तिथे स्क्रूने बसवतात. फ्रेंच सर्जन लातार्जे यांनी १९५४ मध्ये सांगितलेलं हे ऑपरेशन.

तांडेल मंडळींना विनंती, बोटीवर हात ओढू नका. शीर दुखावते, हाड मोडलेलं असेल तर आणखी मोडतं. हात आहे तसा गमछाने छातीशी बांधा आणि बंदराकडे वळा. डिझेल वाया जातं, आम्हाला माहीत आहे.

बरेच जण ऑपरेशन १ जूनच्या बंदीवर ढकलतात. पण जड काम सुरू करायला चार ते सहा महिने लागतात, बंदी तेवढी नसते. नाखव्यांनी हंगामाच्या सुरुवातीला बदली माणूस धरूनच ठेवावा.

मच्छिमार अपघात विम्यात अपघाताने दवाखान्यात दाखल झाल्यास २५ हजारांपर्यंत मिळतात. नाव नोंदलं आहे का, हे कार्यालयात येऊन बघून घ्या, येताना आधार कार्ड आणा.

— सचिव