आंब्याच्या वेबसाईटवर ‘कनेक्शन खाजगी नाही’ असं येतंय? आधी हे तपासा

देवगड : हापूसचा हंगाम सुरू झाला की मुंबई-पुण्याचं गिऱ्हाईक थेट बागायतदाराच्या वेबसाईटवर पेटी बुक करतं. पण साईट उघडताच ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही’ अशी सूचना आली, तर ते पैसे न भरता दुसरीकडे जातं. अशा वेळी घाबरू नका. बहुतेकदा साईट हॅक झालेली नसते, तिच्या एसएसएल सर्टिफिकेटची मुदत संपलेली असते.

हे सर्टिफिकेट म्हणजे साईटचं ओळखपत्र. गिऱ्हाइकाचा पत्ता, फोन नंबर वाटेत कोणाला वाचता येऊ नये, ही सोय त्यामुळे होते. होस्टिंगसोबत मिळणारं मोफत सर्टिफिकेट साधारण ९० दिवस चालतं आणि आपोआप नवं होतं. पण हंगाम आटोपला की साईटकडे कोणी बघत नाही. पावसाळ्यात काही अडलं तरी ते पुढच्या हंगामातच कळतं. त्यात ‘लेट्स एन्क्रिप्ट’ने मुदत संपत आल्याचे ईमेल पाठवणंही जून २०२५ पासून बंद केलंय.

काय करायचं?

१. मोबाईलची तारीख-वेळ बघा. ती चुकीची असली तर चांगल्या साईटवरही ही सूचना येते. दुसऱ्या मोबाईलवरही साईट उघडून पाहा.

२. सीपॅनेलमध्ये ‘एसएसएल/टीएलएस स्टेटस’ उघडा. मुदत संपलेली दिसली तर ‘रन ऑटोएसएसएल’ दाबून थोडा वेळ थांबा.

३. ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ असलेलं आणि नसलेलं, साईटची दोन्ही नावं त्या यादीत हवीत.

४. मध्यंतरी होस्टिंग बदललं का? डोमेनचा ‘ए रेकॉर्ड’ जुन्याच सर्व्हरकडे असेल तर नवं सर्टिफिकेट मिळत नाही. आधी तो दुरुस्त करा.

५. सारखं बटण दाबत बसू नका. एका तासात ५ वेळा पडताळणी फसली की लेट्स एन्क्रिप्ट काही काळ अडवतं. त्यापेक्षा तिथे आलेल्या एररचा स्क्रीनशॉट होस्टिंगवाल्याला पाठवा.

गिऱ्हाइकाला ‘सूचना सोडून पुढे जा’ असं सांगू नका. पॅनेलचा पासवर्ड फोनवर कोणालाही देऊ नका. दर दोन महिन्यांनी साईट तपासायची आठवण मोबाईलमध्ये लावून ठेवा.

आणि आंबे मागवणाऱ्यांनीही एक लक्षात ठेवावं. सर्टिफिकेट कोणालाही फुकट मिळतं, ठगालाही. त्यामुळे साईट सुरक्षित दिसली म्हणजे पेटीत देवगडचाच हापूस असेल, असं नाही. पैसे भरण्याआधी बागायतदाराशी फोनवर बोला.