तक्त्यातील स्तंभांची निवड आणि क्रम

ग्रंथालयाच्या दाखल-नोंदवहीत प्रत्येक ग्रंथासाठी एक आडवी ओळ असते आणि दाखलक्रमांक, ग्रंथनाम, लेखक, प्रकाशनवर्ष, किंमत असे उभे स्तंभ असतात. वाचकाला किमतीशी कर्तव्य नसते. त्याच्यासाठी यादी करावयाची तर ग्रंथपाल हवे तेवढेच स्तंभ निवडतो व सोयीच्या क्रमाने मांडतो. संगणकात साठविलेल्या तक्त्यांवर हेच काम एसक्यूएल या भाषेने करता येते.

या पद्धतीचा पाया एडगर कॉड यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात आहे. उपयोग करणाराने स्तंभ त्याच्या स्थानावरून नव्हे, तर नावावरून ओळखावा, असा विचार त्यांनी मांडला. त्याच्या आधारे डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ साली ही भाषा पुढे आणली.

तिची सर्वांत साधी आज्ञा पाहू. ती प्रत्यक्षात रोमन लिपीत लिहितात. उच्चार असा :

सिलेक्ट लेखक, ग्रंथनाम फ्रॉम ग्रंथ

‘सिलेक्ट’ म्हणजे निवडा. ‘फ्रॉम’ म्हणजे अमुक तक्त्यातून. मूळ तक्त्यात ग्रंथनाम आधी असले, तरी उत्तरात लेखक आधी येतो. कारण आज्ञेत त्याचे नाव आधी आहे. मूळ तक्ता मात्र यत्किंचितही बदलत नाही.

नावांऐवजी तारांकन (*) घातल्यास सर्व स्तंभ तक्त्याच्या मूळ क्रमाने मिळतात. ही सोय फसवी ठरू शकते. समजा, यादी छापणारी आज्ञावली तिसरा स्तंभ लेखकाचा असे गृहीत धरून चालते. पुढे तक्त्याची फेररचना होऊन तिसऱ्या स्थानी ‘विषय’ आला, तर लेखकाच्या जागी विषय छापला जाईल आणि यंत्र चूक झाल्याची सूचनाही देणार नाही. स्तंभांची नावे लिहिली असती, तर हा घोटाळा टळला असता.

ओळींचा क्रम ही निराळी गोष्ट आहे. तो सांगितला नाही, तर ओळी कोणत्याही क्रमाने येऊ शकतात. आज लागलेला क्रम उद्या टिकेलच असे नाही. आज्ञेच्या शेवटी ‘ऑर्डर बाय प्रकाशनवर्ष’ असे लिहिले, की ‘ययाति’ (१९५९), ‘कोसला’ (१९६३), ‘मृत्युंजय’ (१९६७) अशा चढत्या क्रमाने ओळी लागतात. त्यासाठी प्रकाशनवर्षाचा स्तंभ उत्तरात दाखविलाच पाहिजे असे नाही.

तात्पर्य, जे हवे ते नावाने मागावे आणि क्रम हवा असल्यास तो स्पष्ट सांगावा. न सांगितलेले ओळखून घेणे हे ग्रंथपालाला साधते, यंत्राला नाही.